यापैकी कोणीही नाही

‘पूल बहुमताने बांधत नाहीत.’ एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाची तांत्रिक समिती निवडून द्यावी असं कोणी सुचवलं की हे वाक्य हमखास पुढे येतं. यंदा ते मी इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी अभियंत्याच्या लेखात वाचलं. त्यांचं म्हणणं असं: कोड चालतो किंवा चालत नाही, त्यात मत कसलं घ्यायचं? निवडणूक आली की पॅनेलं येतात, गटबाजी येते, आणि गावाकडच्या सोसायटीची अवकळा चांगल्या प्रकल्पाला येते. त्यापेक्षा जाणत्यांनीच जाणते नेमावेत. हा लेख खोडून काढायचा एवढ्याच हेतूने मी लिहायला बसलो. एका मुद्द्यापाशी मला थांबावं लागलं, पण आधी भांडण पूर्ण करतो.

लेखकमहाशयांचं दैवत म्हणजे डेव्हिड क्लार्क. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या मंडळींसमोर 1992 मध्ये त्यांनी सांगितलं, की आम्ही राजे, अध्यक्ष आणि मतदान तिन्ही नाकारतो. आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि चालणाऱ्या कोडवर. तेव्हापासून मतदानाला विरोध करणारा प्रत्येक जण या वाक्याचा आधार घेतो. पण याच आयईटीएफमध्ये पुढारी कसे ठरतात हे कोणी सांगत नाही. तिथे इच्छुक स्वयंसेवकांची यादी होते, त्यांतून दहा मतदार सदस्य चक्क सोडतीने निघतात आणि ही नामनिर्देशन समिती पुढच्या पदाधिकाऱ्यांची निवड करते. म्हणजे मतदान नाकारणाऱ्यांनाही ‘जाणते कोण ठरवणार?’ हा प्रश्न चुकला नाही. आणि त्यांनी तो जाणत्यांच्या मर्जीवर सोडला नाही.

आता जाणत्यांनी जाणते नेमण्याची खरी गोष्ट पाहू. डेबियन हा ओपन सोर्स संगणकप्रणालीचा प्रकल्प 1993 मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केला. त्याची घटना लिहिली केंब्रिजच्या इयान जॅक्सन यांनी. ती 1998 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली. तिच्यात दोन सत्तास्थानं आहेत. प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. तांत्रिक समिती मात्र निवडून येत नाही. तिचे जास्तीत जास्त आठ सदस्य असतात आणि ते प्रमुख व समिती मिळून नेमतात. दोन विकसकांचं पटेना, तर शेवटचा शब्द या समितीचा. लेखकमहाशयांना हवी तशीच ही रचना आहे.

या समितीपुढे 2013 च्या अखेरीस एक प्रश्न आला. संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी एक प्रोग्राम जागा होतो आणि बाकीच्या सेवा तो उठवतो. हा प्रोग्राम कोणता असावा? एका बाजूला सिस्टिमडी, दुसऱ्या बाजूला अपस्टार्ट. दोन्ही चालत होते. दोन्हींच्या मागे उत्तम अभियंते होते. ‘कोड चालतो किंवा चालत नाही’ ही कसोटी इथे निरुपयोगी होती, कारण वाद पुढच्या दहा वर्षांचा होता: कोणावर अवलंबून राहायचं, किती गोष्टी एकाच्या हाती द्यायच्या, कोणाचे वापरकर्ते मागे पडले तर चालेल. हा निवाडा मूल्यांचा असतो आणि तो करणारा माणूस कितीही हुशार असला, तरी तो कोणाच्या वतीने करतो हे विचारण्याचा हक्क इतरांना उरतोच.

आठ जाणते बसले आणि 4-4 अशी बरोबरी झाली. अध्यक्ष बडेल गार्बी यांनी 2014 च्या फेब्रुवारीत आपलं निर्णायक मत सिस्टिमडीच्या बाजूने टाकलं. अपस्टार्ट तयार केलं होतं लंडनच्या कॅनॉनिकलने आणि अपस्टार्टच्या बाजूच्या चौघांपैकी दोघे तेव्हा त्याच कंपनीत होते. त्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. त्यांची युक्तिवादाची पत्रं आजही वाचावीत इतकी नेकीची आहेत. पण नेमलेल्या समितीत एका कंपनीची किती माणसं असावीत याला काही मर्यादा नव्हती. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने नंतर ही चूक टाळली. तिचे जनक गिदो व्हॅन रोसम 2018 च्या जुलैमध्ये बाजूला झाल्यावर पाच जणांचं निवडून येणारं सुकाणू मंडळ आलं, आणि एका मालकाकडे काम करणारे त्यात दोनपेक्षा जास्त नसावेत असा नियम आला.

इथवर सगळं माझ्या बाजूचं. पण 2014 च्या हिवाळ्यात डेबियनमध्ये जे झालं, ते माझ्याही विरुद्ध जातं. इयान जॅक्सन यांनी सिस्टिमडीच्या वादातला प्रश्न सर्व विकसकांच्या मतदानाला नेला. म्हणजे मला हवं होतं तेच झालं, सगळ्यांना मत मिळालं. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा जिंकलेला पर्याय होता: ‘असा सर्वसाधारण ठराव करण्याची गरज नाही.’ मत हाती असताना विकसकांनी सांगितलं, की हे आम्ही मतदानाने ठरवणार नाही. तोवर माणसं पार थकली होती. कॉलिन वॉटसन, रस ऑलबेरी आणि स्वतः जॅक्सन त्याच महिन्यात समितीतून बाहेर पडले. जोई हेस यांच्यासारखा जुना विकसक प्रकल्पच सोडून गेला. काहींनी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली.

समजा, 2014 मध्ये ती समिती थेट निवडून येणारी असती. तर निवडणूक माणसांची झालीच नसती. सिस्टिमडीवाल्यांचं पॅनेल आणि विरोधकांचं पॅनेल अशी झाली असती. निवडून आलेला प्रत्येक जण एका उत्तराला बांधील असता आणि समोरच्याचा मुद्दा पटला तरी मत बदलणं हा मतदारांशी दगा ठरला असता. तंटा सोडवणाऱ्या मंडळाला हे परवडत नाही. लेखकमहाशयांचा सोसायटीचा मुद्दा एवढ्यापुरता मी मान्य करतो. तांत्रिक समिती थेट निवडून देऊ नये.

मग मतदान कशासाठी? नेमणाऱ्याला निवडण्यासाठी, आणि नेमलेल्याला उठवण्यासाठी. डेबियनच्या लोकांनी भांडणानंतर डिसेंबरमध्येच आणखी एक मतदान केलं. समिती बरखास्त केली नाही, निवडून येणारीही केली नाही; सदस्यांच्या मुदतीला मर्यादा घातली, म्हणजे जुने सदस्य क्रमाक्रमाने बाहेर पडतील. जाणत्यांनी जाणते नेमत राहावेत आणि त्यांना कोणी हलवू नये, या कल्पनेला इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मतदार कोण, हा प्रश्न थोडक्यात. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशाचं फाउंडेशन 2006 पासून इंग्लंडमध्ये नोंदलेली कंपनी आहे आणि तिचं संचालक मंडळ सभासद निवडतात. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये, वार्षिक सभेच्या तोंडावर, एकाच कंपनीच्या 100 कर्मचाऱ्यांची सभासदनोंदणी एकदम झाली. त्यांतले बरेच भारतातले. मतदानाआधी 30 दिवस सभासद असायला हवं या नियमामुळे ती मतं पडली नाहीत. ज्याने पतसंस्थेची किंवा दूधसंघाची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्याला ही सभासदभरती समजावून सांगावी लागणार नाही. फाउंडेशनने पुढे वर्षात 42 दिवस नकाशावर काम करणाऱ्याला वर्गणी माफ केली. मताचा हक्क पैशाऐवजी कामातून यावा, ही दिशा मला योग्य वाटते.

मात्र मला सगळ्यात मोलाची वाटते ती डेबियनच्या मतपत्रिकेतली शेवटची ओळ. प्रमुखाच्या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि त्याच यादीत ‘यापैकी कोणीही नाही’ हाही एक पर्याय असतो, त्यालाही क्रमांक द्यायचा. मोजणीत प्रत्येक पर्यायाची प्रत्येकाशी समोरासमोर तुलना होते; फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांची ही कल्पना 1785 ची. जो उमेदवार ‘कोणीही नाही’ला हरवू शकत नाही, तो इतर सगळ्यांना हरवत असला तरी बाद. ‘कोणीही नाही’ जिंकलं तर निवडणूक पुन्हा, आणि लागेल तितक्या वेळा पुन्हा. शिवाय गणसंख्या आहे: विकसकांच्या संख्येचं वर्गमूळ, त्याचं निम्मं, त्याची तिप्पट. विकसक हजार धरले तर निदान 48 जणांनी उमेदवाराला ‘कोणीही नाही’च्या वर ठेवलेलं असावं लागतं.

आपल्याकडे हाच पर्याय ‘नोटा’ या नावाने सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने आला, पण विधानसभेला किंवा लोकसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी खालचा उमेदवार विजयी होतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये याच्यापुढे पाऊल टाकलं: स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचं, आणि ते पहिलं आलं तर फेरनिवडणूक घ्यायची. मला या आदेशाचा अभिमान वाटतो. फेरनिवडणुकीत पुन्हा नोटाच पहिलं आलं तर मात्र खालच्याला विजयी करायचं, इथे तो आदेश थकतो. आणि उमेदवार एकच उरला तर मतदानच होत नाही, म्हणून नोटाही नाही.

बिनविरोध निवडीचं आपल्याकडे कौतुक फार. गाव बिनविरोध झालं तर निधी देऊ असं आमदार जाहीर करतात. एकमत खरं असतं तेव्हा त्यात वाईट काही नाही. पण 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं दिसल्यावर आयोगाला निवडणुका रद्द कराव्या लागल्या. 2026 च्या जानेवारीत महापालिकांच्या अनेक जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या. त्या प्रभागांतल्या मतदारांना ‘हा नको’ म्हणायची सोयही उरली नाही. यावर ठरलेलं उत्तर येतं, की एकाच उमेदवारासाठी निवडणूक घेणं म्हणजे खर्च आणि वेळ वाया घालवणं.

डेबियनमध्ये 2011 साली प्रमुखपदाला एकच उमेदवार होता, स्टेफानो झाकिरोली. 2023 मध्येही एकच, जॉनाथन कार्टर. दोन्ही वेळा मतदान पूर्ण दोन आठवडे चाललं. जगभरच्या विकसकांनी आपापल्या डिजिटल किल्लीने सही करून मतं पाठवली, मोजणी झाली, आणि दोघेही ‘यापैकी कोणीही नाही’ला हरवून निवडून आले.