श्वास कोणाच्या हाती?

हृदय स्वतःच्या लयीने चालते, पचन स्वतःच्या गतीने होते. त्यांना आमची आज्ञा लागू नाही. श्वास मात्र निराळा. झोपेत तो आपोआप चालतो आणि जागेपणी मनात आणले तर आवरताही येतो. तो अर्धा आमचा आहे, अर्धा नाही.

सेवानिवृत्तीनंतर रक्तदाब वाढल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी गोळीबरोबर संथ श्वसनही सांगितले. मिनिटाला पंधरा-सोळा श्वास असतात, ते सहाच्या आसपास आणावयाचे. त्यामुळे धमन्यांतील दाब जोखणारी यंत्रणा अधिक दक्ष होते. इटलीतील लुचानो बर्नार्दी प्रभृतींनी २००१ साली दाखविले, की ख्रिस्ती जपमाळ ओढली काय किंवा 'ओम मणि पद्मे हुम्' म्हटले काय, श्वास आपसूक याच गतीवर येतो. आमच्या बडोद्यात प्रो. माणिकरावांपाशी शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी तर १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायाम प्रयोगशाळेत नेला होता.

सहा महिन्यांत आमचा दाब उतरला. गोळी चालूच होती. परंतु श्रेय आम्ही श्वासाला, म्हणजे वस्तुतः स्वतःला दिले. एका स्नेह्यांना म्हणालो, "गोळ्या कसल्या घेता? निग्रह हवा." त्यांनी गोळ्या सोडल्या. चार महिन्यांनी त्यांचा उजवा हात लुळा पडला. गोळ्या सोडल्यामुळेच तसे झाले, असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तसे नव्हे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाही.

आरोग्य हे सद्गुणाचे फळ मानावे काय? तसे मानले, की आजारी माणूस आपोआप अपराधी ठरतो. वय, आनुवंशिकता, मूत्रपिंडाचा विकार यांपुढे निग्रह कितीसा पुरणार? श्वसनाने आकडा थोडा खाली येतो; ती औषधाला जोड आहे, औषधाची जागा ती घेत नाही.

मग या साधनेला नैतिक मोल नाही काय? आहे. नोकरीत आम्ही आयुष्यभर अर्जदारांना "धीर धरा" असे सांगितले. दहा मिनिटे स्वस्थ बसण्याचा धीर मात्र आमच्यापाशी नव्हता. जे अर्धे हाती आहे ते निगुतीने सांभाळावे, आणि उरलेल्या अर्ध्याचे श्रेय घेऊ नये, एवढे श्वासाने शिकविले.

स्नेह्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. रोज सायंकाळी आम्ही त्यांच्याकडे जातो. आधी ते गोळी घेतात. मग दोघे मिळून श्वास मोजतो. त्यांचा श्वास बहुधा आमच्यापेक्षा संथ असतो.