घड्याळातला चंद्र



अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये माणसाहून उंच, जमिनीवर उभी राहणारी घड्याळे बनत. ओकच्या लाकडाची पेटी, काहींवर कोरीव नक्षी, आत लंबक आणि वजने. तास झाला की टोल पडत. काही घड्याळांच्या तबकडीवर कमान असे आणि त्या कमानीत रंगवलेला चंद्र रोज थोडा पुढे सरके. तो केवळ शोभेसाठी नव्हता. रस्त्यांवर दिवे नव्हते, तेव्हा रात्री प्रवास करणाऱ्याला चांदणे कधी आहे हे ठाऊक असावे लागे. ब्रिस्टल बंदरासाठी केलेल्या काही घड्याळांत चंद्राबरोबर भरतीची वेळही दिसे. समुद्रावर पोट असलेल्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

या चंद्राची एक चकती असते. तिच्यावर दोन चंद्र आणि कडेला ११८ दाते. दर १२ तासांनी एक दाता सरकतो. म्हणजे ५९ दिवसांत दोन चांद्रमास, एकेक साडेएकोणतीस दिवसांचा. परंतु आकाशातला चांद्रमास सरासरी ४४ मिनिटांनी मोठा आहे. महिन्याभरात हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पावणेतीन वर्षांच्या आतच एक दिवस चुकतो. कुणी हातच लावला नाही, तर सुमारे ४० वर्षांनी घड्याळात पौर्णिमा आणि बाहेर अमावस्या!

या सर्व काळात टोल मात्र वेळेवर पडत असतात. घरच्यांना वाटते, घड्याळ ठीक चालले आहे.

आपलेही असेच होत नाही ना? आपली रविवारची मिस्सा चुकत नाही, रोझरी चुकत नाही. आपले टोल साऱ्या गावाला ऐकू जातात. पण सख्ख्या भावाशी बोलणे कधी थांबले? आधी एक शब्द लागला, मग बांधाचा वाद, मग कोर्टाची तारीख. आज मिस्सात शांती देताना आपण मान दुसरीकडे वळवतो. एका दिवसात कुणी इतके दूर जात नाही. आपण रोज थोडे थोडे सरकत असतो.

आपली विवेकबुद्धीही चुकू शकते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले. म्हणून ‘माझे मन मला खात नाही’ एवढे पुरेसे नाही. घड्याळातला चंद्र शेजाऱ्याच्या घड्याळाशी जुळवून चालत नाही. दार उघडून अंगणात यावे लागते, वर पाहावे लागते. ख्रिस्ताकडे पाहिल्यावरच आपण किती सरकलो ते आपल्याला कळते.

आणि दुरुस्ती अवघड नाही. घड्याळ मोडावे लागत नाही, नवे घ्यावे लागत नाही. चकती हाताने जागेवर आणली की झाले. मात्र तो हात कुणीतरी लावावा लागतो.

आज झोपण्यापूर्वी पाच मिनिटे आपण आपले अंतःकरण तपासू या. प्रायश्चित्त संस्कार लांबणीवर टाकू नये. आणि ज्या घराचा उंबरठा आपण अनेक वर्षे ओलांडला नाही, त्या घरी या आठवड्यात जाऊन येऊ या.

प्रभू आपणा सर्वांना त्यासाठी बळ देवो.

– आपले प्रमुख धर्मगुरू