ब्लेड आणि बूच



दोन्ही बाजूंना धार असलेल्या ब्लेडने दाढी करणारी मंडळी आता कमी झाली आहेत. जी उरली आहेत, त्यांच्यातल्या काहींची एक सवय ऐकून हसू येईल. नवे ब्लेड पाकिटातून काढले की ते आधी बुचावरून हलकेच ओढायचे! त्यासाठी झाडाच्या सालीचे खरे बूच हवे असते. हल्ली वाइनच्या अनेक बाटल्यांना फिरकीचे झाकण असते, त्यामुळे शोधाशोध आलीच. कोरी धार कातडीला बोचते, बुचावरून एकदा ओढली की सौम्य होते, असा त्यांचा अनुभव. आपल्याकडे जुनी माणसे काचेच्या पेल्यात ब्लेड घासून आणखी चार दाढ्या उरकायची. ती धार वाढवण्यासाठी. इथे पैसे मोजून आणलेली धार मुद्दाम कमी करायची.

गुण कमी करून वस्तू अधिक चांगली होते का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी करवतीचे उदाहरण दिले आहे. काच लोखंडापेक्षा सुंदर, तरीही कारागीर करवत लोखंडाचीच करतो. कारण ते सौंदर्य कापण्याच्या आड येईल. चांगले काय, हे काम ठरवते. ब्लेडचे काम केस कापणे एवढेच नाही, कातडी शाबूत ठेवणे हेही आहे.

आपल्यातले काही जण अभिमानाने सांगतात, 'मी स्पष्टवक्ता, तोंडावर बोलतो.' दारू पिणाऱ्या भावाला लग्नाच्या मांडवात चारचौघांसमोर झापले, तर बोललेले सगळे खरेच असते. पण ते भावासाठी होते की आपली धार दाखवण्यासाठी?

यावर कोणी म्हणेल, मऊ बोलणे हा भित्रेपणाच. आक्षेप खोटा नाही. गोड बोलण्याने कितीतरी घरे बुडाली आहेत. मात्र बुचावरून ओढलेल्या ब्लेडने दाढी व्हावीच लागते. 'घे, पण जपून घे' असे भावाला सांगणे म्हणजे ब्लेड दगडावर घासणे. 'दारू सोड' हे त्याला ऐकू गेलेच पाहिजे. एकांतात, तो शुद्धीवर असताना.

अक्वायनस यांनी इथे एक फरक केला आहे. प्रेमाने केलेल्या कानउघाडणीने माणूस अधिकच बिघडणार असेल, तर थांबावे, कारण हेतू त्याच्या सुधारण्याचा आहे. ज्याच्याकडे अधिकार आहे आणि इतरांचे हित राखायचे आहे, त्याने मात्र तेवढ्यासाठी थांबू नये. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. तोच भाऊ घरी बायकोला मारत असेल, तर जपायची कातडी तिची आहे. तेव्हा पोलिसांना बोलावण्याआधी नातेवाइकांनी त्याला किती वाईट वाटेल याचा हिशोब करत बसावे, असे मला वाटत नाही.