निळ्या बेटाचा काळा-पांढरा फोटो

ग्रीसच्या बेटावर जाऊन ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढणं नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न आमच्या घरात गेले काही महिने चर्चेला आहे. वरवर पाहता प्रश्न फोटोग्राफीचा. पण ज्या घरात आमटीत गूळ किती घालावा हा वाद अखेर ‘तुमच्याकडे तुम्हाला शिकवलं तरी काय’ इथपर्यंत पोचतो, त्या घरात तो नीतीवर गेला यात नवल नाही.

सौ.चं म्हणणं सरळ आहे. व्हिसासाठी बँकेचे सहा महिन्यांचे उतारे द्यायचे, दोन विमानं आणि एक बोट बदलायची, ज्या निळ्या रंगासाठी सगळं जग तिथे लोटतं तिथे जाऊन उभं राहायचं आणि नेमका तो निळाच काढून टाकायचा! म्हणजे हापूसची पेटी आणायची, आंबे शेजारी वाटून टाकायचे आणि आपण पेटीतलं गवत हुंगत बसायचं. उलट आमच्या भाच्याचं म्हणणं असं की, रंग म्हणजे नुसता गोंगाट. तो थांबला की खरं काय ते दिसतं. मी दोघांचंही ऐकून घेतो. पेन्शनर माणसाला दोन्ही बाजू पटण्याची सवय ठेवावी लागते.

हा भाचा जर्मनीत असतो. फोटो काढतो आणि मधल्या वेळात नोकरी करतो. त्याच्यामागून आम्ही दोघं गेलो ते सिफनोस नावाच्या बेटावर. सँटोरिनी नव्हे. सँटोरिनीला जाऊन आलं की चाळीतल्या, माफ करा, सोसायटीतल्या लोकांना सांगायला बरं पडतं. सिफनोस म्हटलं की ते आजाराचं नाव वाटतं. एजियन समुद्रातल्या सिक्लाडीस बेटांपैकी हे एक. विमानतळ नाही. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटीने जायचं. भाच्याने हे बेट निवडलं ते एका फोटोपायी. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने तो १९६१ साली तिथे काढला. हा तोच गृहस्थ, ज्याने १९४८ साली आपल्याकडे गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे फोटो काढले. सिफनोसच्या फोटोत पांढऱ्याफेक भिंती आहेत, भिंतींवर विळीने चिरल्यासारख्या सरळ सावल्या आहेत, मधून पायऱ्या वर जातात, आणि त्या पायऱ्यांवरून एक एवढीशी मुलगी धावत सुटली आहे. बस्स. पण फोटो असा की एकदा पाहिला की ती मुलगी डोक्यातून धावणं थांबवत नाही.

भाचा त्या भिंती शोधत होता. मी त्या मुलीला. ती तेव्हा आठेक वर्षांची असेल असं धरलं तर आता सत्तरी ओलांडून बसलेली असणार. सिफनोसमध्ये सत्तरी ओलांडलेल्या बायकांना तोटा नाही. कास्त्रो नावाच्या जुन्या वस्तीत त्या दारोदारी दिसतात, आणि पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवून आपल्याकडे ‘आई गं’ म्हणतात तसलंच काहीतरी म्हणतात. मी प्रत्येकीकडे ‘ही तर नव्हे?’ अशा नजरेने बघत होतो. परक्या देशात परक्या बायकांकडे टक लावून पाहण्यामागे असा उदात्त हेतू असू शकतो, हे सौ.ला पटवण्यात माझे दोन दिवस गेले.

आता त्या रंगाविषयी. ही बेटं पांढरी का, तर घरांना चुना देतात म्हणून. गल्लीतल्या फरशांच्या सांधीसुद्धा चुन्याने रंगवतात, त्यामुळे जमिनीवर पांढरी जाळी पसरल्यासारखी दिसते. आणि दारं-खिडक्यांचा तो जगप्रसिद्ध निळा? त्यासाठी पूर्वी ‘लुलाकी’ नावाची निळी पूड चुन्यात कालवत. लुलाकी म्हणजे कपड्यांना घालतात ती नीळ! हे कळल्यावर सौ.चा चेहरा उजळला. ‘अहो, म्हणजे आमच्या आईने मोरीजवळच्या भिंतीला दिला होता तोच की!’ ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून ग्रीक संस्कृतीशी तिचं माहेरचं नातं जुळलं. अशा निळीवर कोणी अन्याय केलेला ती कशी सहन करील?

आणि भाचा तर अन्यायावर अन्याय करत होता. कृष्णधवल फोटोत निळं आकाश नुसतं करडं येतं, भिंती उठून दिसत नाहीत. म्हणून पूर्वीचे लोक भिंगापुढे पिवळी किंवा नारिंगी काच लावत. ती निळा उजेड अडवते, आकाश गडद होतं. लाल काच लावली तर भर दुपारी आकाश काळंकुट्ट! आता काच लागत नाही, कॅमेऱ्यातच तशी सोय असते. शिवाय सगळं पांढरं समोर आलं की कॅमेरा बिचारा घाबरून त्याला राखाडी करून ठेवतो, म्हणून उजेड मुद्दाम जास्त द्यावा लागतो. थोडक्यात, ‘जे आहे ते दाखवायचं’ म्हणून निघालेल्या माणसाला वाटेत आकाशाला काजळ आणि भिंतीला पावडर लावावी लागते. मी हे बोलून दाखवलं तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, तुमच्या लग्नाच्या वेळी मामीचा फोटो दाखवला होता ना, त्यात काय केलं होतं?’ मी विषय बदलला. त्या फोटोत स्टुडिओवाल्याने काय केलं होतं हे सौ.ला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि चाळीस वर्षं आम्ही ते एकमेकांना ठाऊक नसल्यासारखं वागतो आहोत.

आणि रंगीत फोटो तरी कुठे राजा हरिश्चंद्र लागून गेलेत? पोस्टकार्डावरच्या ग्रीसमध्ये कचऱ्याची पेटी नसते, विजेच्या तारा नसतात, चर्चच्या निळ्या घुमटासमोर रांग लावून उभे असलेले आपल्यासारखेच पन्नास लोक नसतात. तोही ‘नरो वा कुंजरो वा’च, फक्त कुंजर रंगीत. तेव्हा खरं-खोटं या मुद्द्यावर मी भाच्याला निर्दोष सोडायला तयार होतो. पण एका शनिवारी खटला पुन्हा उघडला.

कास्त्रोमध्ये एक आजीबाई दारात बसून काबुली चणे निवडत होत्या. सिफनोसला रविवारचं जेवण म्हणजे रेविथाडा: चणे, कांदा, ऑलिव्हचं तेल मातीच्या भांड्यात घालून शनिवारी रात्री लाकडाच्या भट्टीत ठेवतात ते सकाळपर्यंत. आजीबाई नखशिखान्त काळ्या पोशाखात. मागे पांढरी भिंत, कडेला मांजर. भाच्याच्या तोंडाला पाणी सुटलं, चण्यांमुळे नव्हे. त्याने कॅमेरा दाखवून खुणेने विचारलं, काढू का? आजीबाई म्हणाल्या, ‘ने.’

ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. पण मराठी कानाला काय ऐकू येईल? ने! घेऊन जा! मी मनात चपापलो. एवढी मोठी परवानगी एका अक्षरात कोणी दिलेली मी पाहिली नव्हती.

भाच्याने दहा-बारा काढले आणि चांगला मुलगा असल्यामुळे त्यातला एक त्यांना पडद्यावर दाखवला. फोटो अप्रतिम होता. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती, चण्यांत बुडालेले हात, भिंतीवर कलंडलेलं ऊन. आजीबाईंनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि काहीतरी म्हणाल्या. शेजारच्या दुकानातून त्यांची नात आली होती, तिने इंग्रजीत सांगितलं: ‘ती विचारते, माझ्या चपला कुठे गेल्या?’

तेव्हा कुठे आम्ही चपलांकडे पाहिलं. काळ्या पोशाखाखाली लालभडक चपला! मुलीने मेलबर्नहून पाठवलेल्या. फोटो काढताना आजीबाईंनी पाय मुद्दाम पुढे केला होता, तो त्यासाठी. फोटोत त्या चपला इतर काळ्यात काळ्या होऊन गेल्या होत्या. आजीबाई पुन्हा पडद्याकडे बघून बोलल्या. नात जरा संकोचून म्हणाली, ‘ती म्हणते, ही मी नाही. ही माझी आई.’

बोटीवर, हॉटेलात, परतीच्या विमानात मी या वाक्याचा विचार करत होतो. भाच्याला असल्या फोटोबद्दल मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे ‘कालातीत’. वर्ष ओळखू येत नाही, शंभर वर्षांपूर्वीचा वाटतो! पण ज्याचा फोटो, त्याला शंभर वर्षांपूर्वीचं व्हायचं असतं का? रंग काढला की निळा जातो, लाल जातो, आणि त्यांच्याबरोबर तारीखही जाते. आपल्याला हे निराळं सांगायला नको. आपल्या घराघरांत काळा-पांढरा फोटो कुठे असतो? बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर, चंदनाच्या हारात. माझ्या आजोबांना मी कधी रंगीत पाहिलंच नाही. त्यांची पगडी लाल होती हे आत्या सांगायची तेव्हा मला ती आत्याची कल्पनाशक्ती वाटे. पण आजोबांची गोष्ट वेगळी. तेव्हा दुसरा फोटो मिळतच नव्हता. आपल्या दूरदर्शनलासुद्धा रंग यायला १९८२ साल उजाडावं लागलं. जिथे इलाज नाही तिथे पाप-पुण्य कसलं? भाच्याच्या कॅमेऱ्याच्या पोटात मात्र रंग शाबूत होता. बटणाने तो झाकला होता, इतकंच. चणे निवडणाऱ्या, उद्याच्या जेवणाची काळजी करणाऱ्या, मेलबर्नच्या चपला मिरवणाऱ्या जिवंत बाईला बटण दाबून कैलासवासी करायचं, हे मला तरी जरा जड गेलं.

त्या काळचे थोर फोटो पाहिले की हे आणखी जाणवतं. कॉन्स्टंटाइन मानोस नावाच्या ग्रीक वंशाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९६०च्या दशकात ग्रीसची खेडी आणि बेटं फिरून फोटो काढले. त्यांचं पुस्तक १९७२ साली निघालं. काळे पोशाख, ओझी, उघड्यावरची शेतं, अंत्यविधी. बघताना गळा भरून येतो. पण त्याच काळात बेटांवरची माणसं मिळेल त्या बोटीने अथेन्सला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला निघून जात होती. आपल्याला जे सौंदर्य दिसतं त्यापासूनच ती पळत होती. (मानोस पुढे रंगीत फोटोंसाठीही तितकाच नावाजला, हे भाच्याला सांगितलं की तो ‘ते अमेरिकेचे’ म्हणतो.)

तरीसुद्धा भाच्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आजीबाईंची तक्रार ऐकून त्याने तोच फोटो रंगीत करून दाखवला. त्या खूष झाल्या, नातीच्या पाठीवर थाप मारून हसल्या. आम्ही पाहिला. लाल चपला, पिवळा प्लास्टिकचा वाडगा, निळं दार! सगळं खरं होतं आणि हात कुठेच दिसत नव्हते. म्हणजे होते, पण डोळा चपलांवरून हलायला तयार नव्हता. काळ्या-पांढऱ्यात त्या हातांनी आयुष्यभर किती चणे निवडले असतील ते दिसत होतं. दोन्ही फोटो एकाच क्षणाचे, एकाच बाईचे. एकात ती आहे, दुसऱ्यात आपल्याला दिसलेली ती आहे. फोटो कोणाचा म्हणायचा?

याचं उत्तर मला बेटाच्या जुन्या इतिहासात थोडंफार सापडलं. सिफनोसला एकेकाळी सोन्या-चांदीच्या खाणी होत्या. हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे बेटकऱ्यांत हे लोक सगळ्यात श्रीमंत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा ते डेल्फीला अपोलो देवाला पाठवत; इसवी सनापूर्वी ५२५च्या सुमारास तिथे त्यांनी संगमरवरी खजिनाघर बांधलं, त्याचे अवशेष अजून आहेत. पुढे लोभ सुटला, हिस्सा बंद केला, आणि समुद्राने खाणी बुडवल्या, अशी कथा पॉसेनियस सांगतो. आता फिल्मवरचा काळा-पांढरा फोटो म्हणजे तरी काय? चांदीचेच कण. तीही दुसऱ्याच्या जमिनीतून काढलेली. काढायला हरकत नाही, मालकीण ‘ने’ म्हणते आहे. पण दहावा हिस्सा नको का पोचवायला? प्रत्येक प्रवासी ‘पाठवतो हं’ म्हणून पत्ता लिहून घेतो आणि तो कागद पँटीबरोबर धुतला जातो.

भाच्याने पाठवला. नातीने दिलेल्या पत्त्यावर, चांगला मोठा, लाल चपलांसकट. काळा-पांढरा त्याने स्वतःच्या भिंतीवर लावला आहे. सौ.च्या मते हा न्याय अर्धाच झाला. माझ्या मते एवढाही त्या १९६१च्या मुलीच्या वाट्याला आला असेल तर बरं. जगभरच्या भिंतींवर ती अजून धावते आहे. पण तिच्या फ्रॉकचा रंग तिला किंवा तिच्या आईलाच ठाऊक.

जाता जाता भाच्याने माझाही एक फोटो काढला. कास्त्रोच्या पायऱ्यांवर, काळा-पांढरा. खोटं कशाला बोलू, फार चांगला आला आहे. पोट सावलीत गेलं आहे आणि चेहऱ्यावर मी जन्मात कधी केला नसेल एवढा विचार दिसतो आहे. सौ.ने तो चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

‘हा जपून ठेवा,’ ती म्हणाली. ‘पुढे लागेल.’