कातडीतले पहारेकरी

चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या जाहिराती हल्ली ‘नॅनो’शिवाय होतच नाहीत. कण इतके बारीक, की कातडीतून थेट आरपार जातात, असं ठासून सांगितलं जातं. गोष्ट क्रीमपुरती राहिली असती तर सोडून देता आली असती. पण सुईविना लसीबद्दलही आता असंच बोललं जातं: लस नॅनो कणांत भरायची, दंडावर चोळायची, कण आत शिरले की झालं, पोर रडायचंही नाही. ही मांडणी चुकीची आहे आणि तिच्यापायी एका मोलाच्या कल्पनेची माती होते आहे.

कातडीतून लस देणं सुईपेक्षा जुनं आहे. बंगालमधले टीकादार, म्हणजे देवी टोचणारे, देवीच्या फोडातला द्रव ओरखड्यावर लावत. ईस्ट इंडिया कंपनीत काम केलेल्या हॉलवेलने १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यांना त्याचं वर्णन ऐकवलं. देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरची कथा सर्वांना पाठ आहे. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस मिळाली, तीही कातडी खरवडूनच. मग सिरिंज आली. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस दिली तोवर लस कातडी ओलांडून खाली जाऊ लागली होती. मात्रा मोजून देता येत होती, ही सोय मोठीच होती. पण त्या सोयीत कातडी ही केवळ वाटेतली अडचण ठरली.

ती अडचण नाही हे बघायचं असेल तर आरोग्य केंद्रात एएनएम ताई बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी देते तेव्हा जवळ उभं राहावं. सुई कातडीला जवळजवळ समांतर धरलेली असते. नवजात बाळाला ०.०५ मिलिलिटर एवढीच लस द्यायची, तीही कातडीच्या आत, कातडीखाली नव्हे. पांढुरकी पुटकुळी उठली तर लस जागेवर बसली. नाही उठली तर खोल गेली. पोलिओच्या टोचायच्या लसीचा एक-पंचमांश डोस, म्हणजे ०.१ मिलिलिटर, भारताने २०१६ पासून याच थरात द्यायला सुरुवात केली. इतक्या थोडक्यात भागतं, कारण इथे पहारेकरी पेशी दाट आहेत. पॉल लँगरहान्सने १८६८ मध्ये विद्यार्थिदशेतच या फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या, पण त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. परका पदार्थ उचलून लसीका ग्रंथींपर्यंत न्यायचा आणि तिथे टी पेशींना त्याची ओळख पटवायची, हे त्यांचं काम कळायला प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्या स्टाइनमनच्या पिढीपर्यंत थांबावं लागलं.

खरा गैरसमज यानंतरचा. १९९८ मध्ये ग्रेगरी ग्लेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीवर नुसतं कॉलऱ्याचं विष लावलं आणि रक्तात प्रतिपिंडं सापडली. कातडी मोठ्या रेणूंनाही वाट देते, असा अर्थ अनेकांनी काढला. पुढे प्रवाशांच्या अतिसारावर याच तत्त्वाची पट्टी निघाली, पण मोठ्या चाचणीत तिने अपेक्षित संरक्षण दिलं नाही. कातडीचा सर्वांत वरचा मृत थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, पण साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू तो सहसा आत सोडत नाही. लसीतलं प्रथिन हजारो डाल्टनचं आणि नॅनो कण त्याहूनही कितीतरी मोठा. तो आरपार जाणार कसा?

जातच नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात लाडेमान आणि सहकाऱ्यांनी हे कण कुठे जातात ते शोधलं, तेव्हा ते केसांच्या मुळांशी असलेल्या पिशव्यांत साठलेले दिसले. सर्वांत खोल गेले होते ते सुमारे ६०० नॅनोमीटरचे, त्याहून बारीक नव्हेत. चोळताना केस हलतो, त्याच्या पृष्ठभागावरच्या खवल्यांची जाडी साधारण तेवढीच असते आणि तेच कणाला खाली ढकलतात. याच रुग्णालयातल्या आणिका फोग्ट यांच्या प्रयोगात ४० नॅनोमीटरचे कण पिशवीभोवतीच्या लँगरहान्स पेशींपर्यंत पोचले, ७५० चे पोचले नाहीत. आणि तिथेही कातडी आधी गोंदाने सोलून पिशव्या उघडाव्या लागल्या होत्या. म्हणजे खोल जायला एक आकार लागतो, पहारेकऱ्याच्या हाती पडायला दुसरा. कणाने कातडी पार करावी ही अपेक्षाच सुटली. त्याने योग्य जागी थांबावं आणि तिथे उचललं जावं, हे नवं उद्दिष्ट झालं. माझ्या मते या इतिहासातलं निर्णायक वळण हेच, आणि ‘आरपार’ म्हणणाऱ्यांनी नेमकं तेच वाचलेलं नाही.

सुई नाही म्हणून लस सुरक्षित, हेही खरं नाही. सुईविना, दाबाने औषध मारणाऱ्या जुन्या जेट यंत्रामुळे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्यात कावीळ ‘बी’ पसरली होती. उलट गोवर-रुबेलाची जी पट्टी गांबियातल्या तान्ह्या बाळांपर्यंत पोचली आणि जिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, तिच्यात सुया आहेतच, फक्त अतिसूक्ष्म आणि कातडीत विरघळणाऱ्या. त्या पट्टीने बाळांच्या रक्तात किती प्रतिपिंडं तयार केली, ते नेहमीच्या इंजेक्शनशी ताडून मोजलं गेलं. चोळायच्या लसीलाही हीच परीक्षा द्यावी लागेल. केसांच्या पिशव्यांची तोंडं शरीराच्या बऱ्याच भागांत कातडीचा हजारावा हिस्साच व्यापतात. तेवढ्या वाटेने प्रत्येक बाळाला सारखी मात्रा मिळेल का, हे आधी दाखवावं लागेल. बाळ रडतं की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.