बेटाच्या उंबरठ्यावर

सुट्ट्या जवळ आल्या की अनेक घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात आणि अलीकडे त्यांत लक्षद्वीपचे नाव वारंवार ऐकू येते. निळे पाणी, पांढरी वाळू, नारळाच्या बागा आणि जवळजवळ सर्व वस्ती मुस्लिम. हलाल अन्नाची चिंता नाही आणि मशीद हाकेच्या अंतरावर. कुटुंबासह जाण्यास याहून सोयीचे ठिकाण कोणते, असे वाटणे स्वाभाविक आहे. तिकीट, मुक्काम आणि खर्च यांचा हिशेब आपण काळजीपूर्वक मांडतो. परंतु एक प्रश्न त्या हिशेबात क्वचितच येतो. दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल ठेवताना आपला हक्क किती आणि आपले कर्तव्य कोणते?

लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना काढावा लागतो. १९६७ च्या नियमांनी ही अट घातली आहे. पुष्कळांना ती निव्वळ कागदी कटकट वाटते. पण ईमानधारकाला तिच्यात एक ओळखीची शिकवण दिसली पाहिजे. सूरह अन्-नूरमध्ये (२४ : २७-२८) अल्लाहने आज्ञा दिली आहे की, आपल्या घराखेरीज इतर घरांत अनुमती घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय प्रवेश करू नये आणि परत जाण्यास सांगितले गेले तर परत फिरावे. आज्ञेचे शब्द घराविषयी आहेत. परंतु त्यामागील सभ्यता जेथे जेथे माणसे आपला संसार मांडून राहतात, तेथे तेथे लागू पडते.

येथे कोणी म्हणेल, संपूर्ण पृथ्वी अल्लाहची आहे. कुरआनच पृथ्वीवर संचार करण्यास सांगतो. शिवाय आम्ही पैसे मोजून जातो. हा युक्तिवाद तपासून पाहू. सूरह अल्-अन्कबूत (२९ : २०) संचार करण्यास सांगते ती निर्मितीचा आरंभ कसा झाला हे पाहण्यासाठी, म्हणजे निर्मिकाची ओळख पटावी म्हणून. भूमी अल्लाहची आहे म्हणूनच ती आपली मनमानी करण्याची जागा नाही. पैशाने खोली मिळते, नावेतील जागा मिळते. त्या लोकांची निवांतता, त्यांचे पाणी आणि त्यांची मर्यादा विकत मिळत नाही.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. ही बेटे प्रवाळांच्या कंकणावर उभी आहेत. सूक्ष्म जीवांनी युगानुयुगे रचलेल्या चुनखडीवर वाळू साचली आणि माणसाला राहण्याजोगी जागा झाली. सर्व बेटांची जमीन मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथे ६४,४७३ लोक राहतात. तेथे नदी नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. उपसा अधिक झाला की खारे पाणी वर सरकते आणि विहीर बिघडते. प्रवासी दोन दिवसांत निघून जातो. बिघडलेली विहीर मात्र यजमानाकडेच राहते. वुजू करतानाही पाण्याचा अपव्यय करू नये, असे शिकलेल्या उम्मतच्या माणसाने तेथे तासभर नळ सोडून स्नान करावे काय? हौसेने तोडलेला प्रवाळाचा तुकडा आणि वाळूत टाकलेली प्लास्टिकची बाटली यांचाही जाब द्यावा लागणार नाही काय?

दुसरी गोष्ट नजरेची. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले आहे की, अनुमती घेण्याचा नियम नजरेसाठीच घालून दिला गेला आहे. म्हणजे देहाने उंबरठा ओलांडण्यापूर्वी डोळ्यांनी तो ओलांडू नये. आज आपल्या हातात मोबाईलचा डोळाही असतो. अंगणात काम करणाऱ्या स्त्रिया, मासे सुकवणारे वृद्ध, मदरशातून परतणारी मुले यांची छायाचित्रे न विचारता घेणे आणि जगभर पाठवणे, हे न विचारता घरात डोकावण्यापेक्षा वेगळे कसे?

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. येथील मुस्लिम समाजात मातृवंशीय परंपरा आहे. घराण्याला तारवाड म्हणतात आणि वंश आईकडून मोजला जातो. रूढीप्रमाणे विवाहानंतर मुलगी आपले घर सोडत नाही, पतीच तिच्याकडे येतो. तारवाडाच्या सामाईक मालमत्तेला ‘शुक्रवारची’ आणि स्वकष्टार्जित मालमत्तेला ‘सोमवारची’ म्हणतात. पहिली आईच्या वंशात चालते, तर दुसरी शरीअतच्या वारसा नियमांनुसार देता येते. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात या समाजरचनेचा अभ्यास मांडला आहे. हे पाहून आपल्यापैकी कोणी लगेच म्हणेल, हे शरीअतला धरून नाही, यांना समजावले पाहिजे.

असा प्रसंग इतिहासात घडलेला आहे. शेजारच्या मालदीव बेटांवर १३४३ साली इब्न बतूता पोहोचले आणि तेथे काझी झाले. लोकांची धार्मिकता त्यांनी वाखाणली. परंतु स्त्रियांच्या पोशाखाची स्थानिक रीत बदलण्याचा त्यांचा प्रयत्न, त्यांनी स्वतःच नोंदवल्याप्रमाणे, यशस्वी झाला नाही. ते तर नियुक्त काझी होते. तीन दिवसांच्या पाहुण्याकडे ना तेवढे ज्ञान, ना तो अधिकार. भलाईचा आदेश देणे हे कर्तव्य आहेच. पण त्यालाही ज्ञानाची आणि योग्य जागेची अट आहे. तेथे उलमा आहेत, पिढ्यान्‌पिढ्या गजबजलेल्या मशिदी आहेत. त्यांचे प्रश्न ते जाणतात.

आणि निवाडा करायचाच असेल तर आरंभ आपल्या घरापासून करावा. कुरआनने मुलीचा वाटा निश्चित केला आहे (सूरह अन्-निसा ४ : ७, ११). आपल्याकडे तो किती बहिणींच्या हाती पडतो? ‘भावासाठी माफ केले’ असे वदवून घेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते आणि माहेर तुटेल या भीतीने ती गप्प राहते. मग त्या बेटावर जाऊन, स्त्रीच्या डोक्यावरचे छप्पर सुरक्षित ठेवणाऱ्या रूढीवर आपण कोणत्या तोंडाने बोट ठेवणार? तिथली रूढी शरीअतच्या कसोटीवर कशी उतरते हा विद्वानांचा विषय आहे. आपल्या बहिणीचा वाटा हा मात्र आपला विषय आहे.

माणसांची राष्ट्रे आणि कबिले परस्परांची ओळख पटावी म्हणून निर्माण केले गेले, असे सूरह अल्-हुजुरात (४९ : १३) सांगते. ओळख ही नम्रतेने होते. म्हणून, वाचकहो, अवश्य जा. परवाना काढा, मर्यादशील पोशाख घ्या, पाणी जपून वापरा, आपला कचरा परत आणा, छायाचित्रापूर्वी विचारा आणि नकार मिळाला तर मन खट्टू न करता परत फिरा. तेथील मशिदीत त्यांच्या खांद्याला खांदा लावून नमाज अदा करा. आणि निघण्यापूर्वी कोणाचा हक्क आपल्याकडे थकला असेल, तर तो आधी पोहोचता करा. प्रवासखर्चाच्या यादीत ही नोंद सर्वांत वर असावी.

अल्लाह आपणा सर्वांना चांगले यजमान आणि त्याहून चांगले पाहुणे होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.