शब्द कळायलाच हवा का?



गेल्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, आपल्या एका आजींना मी मध्येच थांबवले. 'नमो मरिया' म्हणताना एक शब्द त्या वर्षानुवर्षे मोडून म्हणत. मी तो नीट करून दिला, अर्थही सांगितला. आठ दिवसांनी उमरीच्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "फादर, माळ हातात घेतली की तुमचा शब्दच आठवतो. माय आठवंना."

सेमिनरीत मी यास्काच्या बाजूचा होतो. मंत्रांना अर्थच नसतो, हे कौत्साचे मत त्याने 'निरुक्ता'त खोडून काढले आहे. आंधळ्याला खांब दिसला नाही तर दोष खांबाचा नव्हे, असे त्याचे उत्तर. संत पौलही करिंथकरांना सांगतो की प्रार्थना आत्म्याने करावी, तशी बुद्धीनेही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट दिली ती याच विचाराने. लॅटिनकडे परत जावे असे मला मुळीच वाटत नाही.

पण मग 'मरा मरा' म्हणत बसलेल्या वाल्या कोळ्याचे काय? आणि आपले 'आमेन', 'आलेलुया', 'होसान्ना'? हे इब्री शब्द आपण बिनतक्रार म्हणतो. जॉन मेन (१९२६–१९८२) हे बेनेडिक्टाइन धर्मगुरू. तरुणपणी मलायात एका हिंदू स्वामींकडून ते जप शिकले आणि पुढे ख्रिस्ती लोकांना 'मारानाथा' हा अरामी शब्द देऊ लागले. त्याचा अर्थ 'प्रभो, ये'. मात्र ध्यानात अर्थाचा विचार करू नका, शब्द म्हणा आणि ऐका, असे ते शिकवीत.

प्रभूने पोकळ बडबडीला दोष दिला, हे खरे. पण गेथशेमानीत तिसऱ्यांदा त्याने तेच शब्द म्हणून प्रार्थना केली, असे मत्तय लिहितो. दोष शब्दांच्या संख्येवर भिस्त ठेवण्याला होता, पुन्हा म्हणण्याला नव्हे.

मला आता असे वाटते, की अर्थ बसण्याआधी महत्त्वाचा. कोणाला हाक मारतो आहोत हे ठाऊक हवे. ज्या शब्दाला ऐकणारा कोणी नाही तो शब्द मी कोणाला जपायला देणार नाही. पण एकदा बसल्यावर मण्यामण्याला अर्थ चाचपायचा नाही. लेकरू 'माय' म्हणते तेव्हा शब्दाकडे पाहत नाही.

आजींना मी म्हटले, "तुमच्याच शब्दाने म्हणा." त्या 'बरं' म्हणाल्या. पण मी जवळून गेलो की अजून आवाज लहान करतात.

तुमचे फादर